शेळ्या वाढल्या, जाती विरल्या

(यशवंतपूर, बेंगळुरू येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



ज्या पशुवैद्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची हयात गोठ्यांत आणि वाड्या-वस्त्यांवर गेली. म्हणून आजचा विषय मी जनावरांतलाच घेतला आहे, आणि त्यातही सभेत सहसा ज्याची आठवण निघत नाही असं जनावर: शेळी. दुधासाठी पाळल्या जाणाऱ्या आपल्या स्थानिक जाती, त्यांच्यातली आनुवंशिक विविधता आणि ती टिकवायची कशी, याबद्दल मी बोलणार आहे.

हा विषय इथे बोलायला जागाही योग्य आहे. याच यशवंतपूर स्टेशनातून लातूरला जाणारी गाडी बीदर, भालकी, उदगीर करत जाते. गाडी बीदरच्या आसपास पोहोचली की शिवारात दिसते ती काळी बिदरी शेळी आणि उदगीर-लातूरकडे दिसते ती काळी उस्मानाबादी. मध्ये राज्याची सीमा आहे, पण माळरान तेच, बाभळी-बोरी त्याच आणि शेळ्या राखणारी माणसं अनेकदा एकमेकांची सोयरी. बेंगळुरूच्या उत्तरेला नंदीच्या डोंगराचं नाव घेतलेली नंदीदुर्ग ही शेळीची जात आहे. बिदरी आणि नंदीदुर्ग या दोन्ही जातींची राष्ट्रीय नोंद अगदी अलीकडची.

ही नोंद ठेवणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो. तिचं मुख्यालय आज हरियाणात करनालला आहे, पण 21 सप्टेंबर 1984 रोजी ती सुरू झाली ती बेंगळुरूत, राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेच्या दक्षिण विभागीय केंद्राच्या आवारात. पुढच्या वर्षी ती करनालला गेली. अडुगोडीच्या त्या आवाराचा इतिहास त्याहून जुना आहे. 1923 साली तिथे पशुपालन आणि दुग्धव्यवसायाची इंपीरियल संस्था उभी राहिली. 1927 मध्ये गांधीजी आजारपणातून उठून विश्रांतीसाठी नंदीच्या डोंगरावर आणि मग बेंगळुरूत राहिले, तेव्हा त्यांनी या संस्थेत जाऊन गोपालनाचे धडे घेतले. गाई-म्हशीचं दूध न पिण्याचं त्यांचं व्रत होतं. 1919 च्या सुमारास कस्तुरबांनी शेळीचं दूध सुचवलं आणि ते त्यांनी पुढे आयुष्यभर घेतलं. ज्या शहरात दुधाचं शास्त्र शिकवणारी आणि जनावरांच्या जातींची नोंद ठेवणारी अशा दोन्ही संस्था सुरू झाल्या, तिथे शेळीच्या दुधाबद्दल बोलणं अस्थानी नाही.

आता आकड्यांकडे येतो. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 13.5 कोटी शेळ्या होत्या. 2019 मध्ये त्या 14.89 कोटी झाल्या. महाराष्ट्रात त्याच काळात संख्या सुमारे 84 लाखांवरून 1 कोटी 6 लाखांवर गेली. दुष्काळ येवो, गाईंचे भाव पडोत, शेळी वाढतेच आहे. मग संवर्धन कशाचं करायचं, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर असं की वाढते आहे ती डोक्यांची संख्या. ब्युरोकडे शेळ्यांच्या तीन डझनांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, तरीही देशातल्या निम्म्याहून जास्त शेळ्या कोणत्याही एका जातीत बसत नाहीत. त्या सरमिसळ झालेल्या आहेत. जिथे जात अजून ओळखू येते, तिथेही दर वर्षी ती थोडी थोडी पातळ होते आहे. एकूण संख्या वाढत असल्यामुळे ही झीज कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या म्हणता येतील अशा चार जाती. उस्मानाबादी ही धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यातली: बहुतेक काळीभोर, उंच, काटक, जुळी करडं देण्यात पुढे. संगमनेरी ही अहिल्यानगर, पुणे, नाशिक भागातली: बहुधा पांढरी, काहींवर काळे किंवा तांबूस ठिपके, शिंगं मागे वळलेली, दूध आणि मांस दोन्हींना उपयोगी. विदर्भात बेरारी. आणि सिंधुदुर्गात कोकण कन्याळ, जिच्या काळ्या तोंडावर नाकपुड्यांपासून कानांपर्यंत दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असतात. कोकणातल्या धो धो पावसात, ओल्या जमिनीवर ती जशी राहते, तशी मराठवाड्यातली शेळी राहू शकत नाही, आणि मराठवाड्यातल्या चैत्रात उस्मानाबादी जशी बाभळीच्या शेंगांवर तगते, तशी कोकण कन्याळ तगणार नाही. यांच्या जोडीला गुजरातला लागून असलेल्या भागात सुरती आहे, घराशेजारी बांधून दुधासाठी पाळायला नामांकित. गाव, पाऊस, चारा आणि पाळणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची निवड यांतून प्रत्येक जात घडली आहे.

शेळी हा माणसाने अगदी आधी माणसाळवलेल्या प्राण्यांपैकी एक. सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी इराणच्या झॅग्रोस डोंगरांच्या आसपास रानशेळी माणसाच्या दाराशी आली. आईकडून येणारा जो जनुकीय वारसा असतो, त्याच्या अभ्यासांत असं दिसलं की शेळ्यांच्या मातृवंशांतली विविधता एकेका खंडात कोंडून राहिलेली नाही. माणसांबरोबर शेळ्या खूप दूरवर फिरल्या. व्यापारी, धनगर, स्थलांतरित कुटुंबं, लष्करी तांडे, सगळ्यांबरोबर त्या गेल्या. त्यामुळे भारतातल्या एकाच खांडात जुन्या अनेक वंशांचे धागे सापडतात. हा आपला ठेवा आहे आणि तो आजवर टिकला तो चरणाऱ्या, फिरणाऱ्या कळपांमुळे. धनगरांच्या स्थलांतराचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांत माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा ही नावं आहेत. गाडगीळांनी परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं ते इथून हाकेच्या अंतरावरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. कोणता धनगर कुठल्या वाटेने, कोणत्या महिन्यात, कोणाच्या शेतात जनावरं बसवायला जातो, ही माहिती जनुकांच्या माहितीइतकीच मोलाची आहे, कारण त्या वाटांवरूनच जनुकंही फिरली.

विविधता का राखायची, याचं एक उदाहरण शेळीच्या सख्ख्या शेजारणीचं, मेंढीचं देतो. सुंदरबनात गारोल नावाची चणीने लहान मेंढी आहे. तिच्याकडे पाहून कुणी किंमत करणार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. पुढे तिथल्या बूरूला नावाच्या मेरिनो कळपात एका वेळी अनेक कोकरं देणाऱ्या मेंढ्या निघाल्या. 2001 मध्ये यामागचा जनुकीय बदल सापडला आणि पुढच्याच वर्षी तोच बदल गारोलमध्ये असल्याचं दिसलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, चंदा निंबकर यांच्या पुढाकाराने गारोलचा तो गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. एरवी बहुधा एकच कोकरू देणाऱ्या दख्खनीच्या या वंशात जुळी नेहमीची झाली. सुंदरबनातल्या पाळणाऱ्यांनी ती मेंढी कुचकामी म्हणून सोडून दिली असती, तर साताऱ्याच्या धनगराला हा लाभ झाला नसता. संगमनेरीच्या किंवा कोकण कन्याळच्या रक्तात असं काय आहे, ते शोधण्याआधीच आपण त्या जाती पुसून टाकत आहोत.

दुधापुरतं बोलायचं तर शास्त्राने एक गोष्ट चांगली उलगडली आहे. शेळीच्या दुधात आल्फा-एस1 केसिन नावाचं प्रथिन असतं. ते किती असावं हे एका जनुकाचे निरनिराळे प्रकार ठरवतात. काही प्रकारांमुळे ते भरपूर, काहींमुळे अगदी थोडं, तर काहींमुळे नसल्यातच जमा. केसिन जास्त असेल तर दही घट्ट लागतं आणि चीज चांगलं उतरतं. फ्रान्समध्ये पैदाशीचा बोकड निवडताना हा जनुक तपासतात. भारतीय जातींवर जे काम झालं आहे, त्यात जास्त केसिनचे प्रकार ठळकपणे दिसले आहेत. म्हणजे लिटरचा आकडा परदेशी शेळीपेक्षा कमी दिसला तरी दुधाचा कस कमी आहे असं मानायचं कारण नाही.

आता अंगणात येऊ, कारण जात टिकते किंवा मोडते ती तिथेच. संगमनेर-अकोल्याकडच्या एखाद्या वस्तीवर पहाटे जा. रात्री करडं डालग्याखाली कोंडलेली असतात. घरातली बाई शेळीचा मागचा पाय आपल्या मांडीशी दाबून धरते, एका हाताने तांब्या आणि दुसऱ्याने धार. जुळी असली तर एक सड करडांसाठी राखते. निघतं ते अर्धा लिटर, चांगल्या शेळीचं लिटरभर. त्यातलं थोडं चहाला, थोडं लेकराला, उरलंच तर शेजारी. कोणती शेळी धारेला चांगली, कोणती लवकर आटते, कोणाची आई कशी होती, हे सगळं तिला तोंडपाठ असतं. पण हे कुठेही लिहिलं जात नाही. पुढे त्या चांगल्या शेळीला नर करडू होतं. ते अंगाने भरतं, व्यापाऱ्याच्या नजरेत येतं आणि बकरी ईदच्या आधी चढ्या भावाने विकलं जातं. घराला त्या पैशाची गरज असते, म्हणून विकणाऱ्याला मी दोष देत नाही. पण गावात मागे राहतो तो न विकला गेलेला, अंगाने बारका बोकड, आणि पुढच्या पिढीचा बाप तोच होतो. उत्तम नर बाजारात आणि उरलेला पैदाशीला, ही उलटी निवड आपण वर्षानुवर्षं करत आलो आहोत.

याचं गणित साधं आहे. समजा, गावात 200 शेळ्या आहेत आणि पैदाशीचे बोकड 2. आनुवंशिकतेत नर आणि मादी यांचा वाटा निम्मा-निम्मा असतो, म्हणून परिणामकारक संख्या काढताना नर-मादींच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट घेऊन तिला त्यांच्या बेरजेने भागतात. उत्तर येतं 8. म्हणजे डोळ्यांना 200 शेळ्या दिसतात, पण विविधतेच्या हिशेबात तो कळप 8 जनावरांचा. त्यात जवळच्या नात्यातली पैदास एका पिढीत सुमारे 6 टक्क्यांनी वाढते. करडं अशक्त निघतात, मरतूक वाढते, शेळ्या गाभण न राहता उलटतात. आता शेळ्या 200 च ठेवा आणि बोकड 20 करा, तेही वेगवेगळ्या आयांचे. परिणामकारक संख्या 73 च्या घरात जाते आणि नात्यातली पैदास पिढीमागे पाऊण टक्क्याहूनही खाली येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सुरक्षित मानलेली किमान संख्या 50 आहे. एकही शेळी न वाढवता, फक्त बोकड राखून गाव धोक्याच्या रेषेच्या वर येऊ शकतं. आज माझं मुख्य म्हणणं हेच आहे: आपल्या शेळ्यांच्या जाती वाचवायच्या तर गावातला पैदाशीचा बोकड वाचवायला हवा, आणि तो त्याच्या आईच्या दुधावरून निवडायला हवा.

दूध का मोजलं जात नाही, याचं कारण बाजारात आहे. 1970 मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली, गावोगाव संकलन केंद्रं आली, पण ती गाई-म्हशींच्या दुधासाठी. शेळीचं दूध देशाच्या एकूण दुधात 3 टक्क्यांच्या आसपास, आणि तेही घरोघरी विखुरलेलं. त्याला भाव नाही, म्हणून मोजमाप नाही. मोजमाप नाही, म्हणून दुधावरून निवड नाही. मग शेळी म्हणजे मांसाचं वजन एवढाच हिशेब राहतो आणि त्या हिशेबात आफ्रिकेतला बोअर बोकड सगळ्यांवर मात करतो. मांसासाठी बंदिस्त पालनात संकर करायला माझा विरोध नाही. नोंद ठेवून, खाद्य आणि लसीकरणाची सोय करून कुणी तो करत असेल तर तो त्याचा व्यवसाय आहे. पण तोच बोकड मोकळ्या चरणाऱ्या गावकळपात सोडला, की दोन-तीन पिढ्यांत मूळ जात ओळखू येत नाही. सानेनसारखी स्वित्झर्लंडची दुधाळ शेळी थंड हवेत आणि भरल्या गव्हाणीवर दूध देते. तिची गोरी कातडी आपल्या वैशाखात होरपळते. परदेशी रक्ताचा मोह आपल्याला नवा नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठात एके काळी मोहेर लोकरीसाठी अंगोरा बोकडांशी संगमनेरीचा संकर केला गेला. त्याच विद्यापीठात नंतर संगमनेरीच्याच शुद्ध पैदाशीवर आणि सुधारणेवर काम सुरू झालं, हे चांगलं झालं.

भाव मिळाला की जातीचं नशीब कसं पालटतं, ते कच्छमध्ये पाहायला मिळतं. तिथे उंटाच्या दुधाला गिऱ्हाईक नव्हतं आणि पाळणारे उंट कमी करत होते. पाळणारे संघटित झाले, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उंटाच्या दुधाची मानकं ठरवली, सरहद डेअरी संकलन करू लागली आणि 2019 मध्ये अमूलच्या नावाने ते दूध बाजारात आलं. शेळीच्या दुधाला आपल्याकडे भाव मिळतो तो डेंग्यूच्या साथीत, आणि तोही अव्वाच्या सव्वा. त्या दुधाने प्लेटलेट वाढतात याला पुरेसा आधार नाही, हे मी इथे स्पष्ट सांगतो. भीतीवर उभा राहिलेला बाजार साथ ओसरली की मोडतो. शेळीचं दूध हे चांगलं, पचायला हलकं, रोजच्या वापराचं दूध म्हणून विकलं गेलं पाहिजे, नीट उकळून प्यायलं गेलं पाहिजे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा आजार माणसाला होऊ शकतो.

सरकारी पातळीवर काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. शेळ्यांवरचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प 1971 पासून आहे. मथुरेजवळ मखदूमला केंद्रीय शेळी संशोधन संस्था 1979 मध्ये सुरू झाली. पुण्याचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ प्रक्षेत्रांवर कळप राखतं. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी सुमारे 172 कोटी रुपये. त्यात देशी पशुधनही आहे. गोठवलेलं वीर्य जपणं आवश्यकच आहे, उद्या साथ आली तर तोच आधार. पण द्रव नायट्रोजनमधल्या नळकांडीत शेळीची सवय राहत नाही. कोणती झुडपं खायची, उन्हात कुठे थांबायचं, करडाला कसं सांभाळायचं, हे कळप शिकवतो आणि कळप माणूस सांभाळतो. साताऱ्यात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने गावातल्या बायकांना शेळ्यांचं कृत्रिम रेतन शिकवलं आणि त्या दारोदार जाऊन ते करतात. गोठवलेलं वीर्य जर चांगल्या उस्मानाबादीचं, नोंद असलेल्या आईच्या बोकडाचं असेल, तर अशा बायकांच्या हातून जनुक कोश थेट अंगणात पोहोचतो. मला हा मार्ग सर्वांत आशादायक वाटतो.

म्हणून काही मागण्या ठामपणे मांडतो. महाराष्ट्र राज्याच्या योजनेतून लाभार्थ्याला 10 शेळ्या आणि 1 बोकड असा गट मिळतो. या गटातल्या प्रत्येक बोकडासोबत त्याच्या आईच्या दुधाची नोंद मिळाली पाहिजे. एका गावात वाटलेले बोकड एकमेकांचे भाऊ नसावेत, याची तपासणी झाली पाहिजे. पाच-सहा गावांचा एक गट करून दर दोन वर्षांनी बोकड एका गावातून दुसऱ्यात फिरवले पाहिजेत, म्हणजे बोकड आपल्याच लेकींवर येणार नाही. चांगल्या शेळीचा नर ईदला न विकता पैदाशीला राखणाऱ्या कुटुंबाला बाजारभावातला फरक मिळाला पाहिजे. हा खर्च प्रक्षेत्र चालवण्यापेक्षा कितीतरी कमी आहे. आणि कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बिदरी आणि उस्मानाबादीची पाहणी दोन्ही राज्यांनी मिळून करावी, कारण शेळ्या सीमा पाळत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 21 व्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी नोंद प्रथमच घेतली गेली. तिचा उपयोग जातनिहाय कामासाठी व्हायला हवा.

शेवटी तुमच्याकडे वळतो. या सभागृहात अनेकांची शेती लातूर, सोलापूर, सांगली, बेळगाव, निपाणीकडे आहे. नोकरी बेंगळुरूत आणि गावी शेळ्यांचा फार्म, असा विचार कित्येकजण करत असतील. तो जरूर करा, पण परदेशी बोकड विकत घेण्याआधी आपल्या भागातली जात पाहा. चांगल्या दहा शेळ्या निवडा, आठवड्यातून एकदा दूध मोजून वहीत लिहा, एकाऐवजी चार बोकड वेगवेगळ्या घरांतून घ्या आणि ते शेजाऱ्यांच्या शेळ्यांनाही उपलब्ध ठेवा. तुमच्यातले जे संगणकाच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी शेळीपालक बाईला बोलून नोंद करता येईल असं मराठी-कन्नड साधन मोबाईलवर बनवून द्यावं. तिच्या तोंडपाठ असलेलं ज्ञान नोंदलं गेलं, तर पुढच्या वीस वर्षांची निवड त्यावर उभी राहील.

गावी जाल तेव्हा एवढी एक चौकशी करा: गावात पैदाशीचा बोकड कुणाचा आहे आणि त्याची आई किती दूध द्यायची? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही. ते मिळेल अशी व्यवस्था तुमच्या गावात उभी करायला हातभार लावा, अशी कळकळीची विनंती करतो.